पेन्सिलीचा आकडा

८ जानेवारी

टिटवे,

आधी सगळ्यांची हजेरी घेतो, मग बाकीच्या गप्पा. तुझे डोळे कसे आहेत? दिवसभर स्क्रीनकडे बघून लाल होतात म्हणाली होतीस. पाठीचं काय? खुर्चीला उशी बांधलीस की नुसतं 'बांधते, बांधते' चाललंय? तुझ्या खोलीतल्या नर्सबाईंचा खोकला गेला का? दुसऱ्यांना औषध देणारी माणसं स्वतः औषध घेत नाहीत, तेव्हा तू त्यांच्या मागे लाग. तुमच्या चष्मेवाल्या साहेबांचं ब्लडप्रेशर? आणि जिन्यातली ती लंगडी मांजर, ती अजून तुझ्याच दारात पसरते का?

इकडची हजेरी अशी. माझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात आणि उतरताना शिव्या देतात. कान जागेवर आहेत, शोभेला. चौतीस वर्षं पंपांच्या घरघरीत काढल्यावर त्यांनी तरी किती ऐकायचं? म्हणून तर तुझ्याशी फोनवर बोलत नाही, बाळा. तू बोलतेस, मला नुसती गुणगुण येते, मी आपला 'हो हो' करतो आणि ठेवल्यावर मामी विचारते, 'काय म्हणाली?' तेव्हा तोंडात बोट. कागदावर तू मला शब्द न शब्द ऐकू येतेस.

मामी ठणठणीत आहे. सकाळपासून तीन हुकूम सुटले, दोन मी पाळले, तिसरा कुठला होता ते आठवत नाही. खालचा शिंपी काल विचारत होता, 'तुमची भाची नक्की करते काय?' मी म्हटलं, 'कॉम्प्युटर राखते.' तो म्हणाला, 'म्हणजे वॉचमन?' मी म्हटलं, 'वॉचमनच्या वरची. वॉचमन जागा आहे का ते बघणारी.' बरोबर सांगितलं का, की अब्रू घालवली तुझी? नीट समजावून लिही. पंपाची विद्या मी पंप उघडून शिकलो, शाळेने सातवीतच हात टेकले होते. पण डोकं अजून गंजलेलं नाही.

तुझा,
मामा

टिटवे, केस ओले ठेवून झोपू नकोस. यांचं ऐकू नकोस, हे स्वतः कुणाचं ऐकत नाहीत.
— मामी


१९ जानेवारी

मामा,

अब्रू अजिबात घालवली नाहीत. 'वॉचमन जागा आहे का ते बघणारी' हे मी ऑफिसात सांगितलं तर चष्मेवाले साहेब इतके हसले की चष्मा पुसायला काढावा लागला. ब्लडप्रेशर त्यांचं चढलेलंच आहे. नर्सबाईंचा खोकला गेला. मांजर माझ्या पायपुसण्याची मालकीण झाली आहे. डोळे लाल आहेत. उशी बांधली. (बांधते.)

आता काम. कुणाला बरं वाटेनासं झालं की लोक अँब्युलन्सचा नंबर फिरवतात ना, तो फोन घेण्यापासून गाडी दारात पोचेपर्यंतची सगळी यंत्रणा आमची कंपनी चालवते. आपल्याकडची पाच-सहा लहान शहरं त्यावर आहेत, तुमचंही. पण कॉम्प्युटर आमचे स्वतःचे नाहीत. मोठमोठ्या कंपन्या आपले कॉम्प्युटर भाड्याने देतात, त्याला क्लाउड म्हणतात. (हो, ढग. मामीला सांगा, हसू नका म्हणावं.) आम्ही असे तीन ढग घेतलेत. पहिल्यावर लोकांचे फोन येतात. दुसऱ्यावर गाड्या कुठे आहेत ते दिसतं. तिसऱ्यावर कुठल्या दवाखान्यात जागा आहे ते. सगळं एकाच ठिकाणी ठेवलं आणि तेच बसलं तर काय, म्हणून ही वाटणी.

तिन्ही ढग ठीक चाललेत ना, हे बघणं माझं काम. आमच्या खोलीत एक अख्खी भिंत भरून स्क्रीन आहे. तिन्हीकडचे आकडे तिथे येतात. ठीक असेल तर हिरवं, नसेल तर लाल, आणि लाल झालं की घंटा.

मामा, तीन ढग म्हणजे तीन सासवा. पहिला दर मिनिटाला आकडा पाठवतो. दुसरा पाच मिनिटांनी, तोही उशिरा. तिसरा तर त्याहून छान, सांगण्यासारखं काही नसेल तर काहीच सांगत नाही, गप्प बसतो. आता गप्प बसला म्हणजे सगळं ठीक आहे, की मेला आहे? भिंतीला ते कळत नाही. आकडा आला नाही की ती घंटा वाजवते. एका पाळीत दोनशे वेळा. एकशे नव्व्याण्णव वेळा काही झालेलं नसतं. परवा माझ्या शेजारच्या मुलीने घंटेवर स्वेटर टाकून ठेवला होता. मला तिच्यावर ओरडायचं होतं, पण मीही स्वेटर तसाच राहू दिला. मलाही बरंच वाटलं होतं.

खरी लाल घंटा वाजेल तेव्हाही तिच्यावर स्वेटर असेल, ही भीती वाटते. एखाद्याचा बाप खोलीत पडलेला असेल आणि आम्ही म्हणू, वाजू दे, नेहमीचंच आहे.

तुमचीही तीन पंपघरं होती ना? बाकी दोघांचे फोन तुमच्याकडे यायचे. फोन आला नाही तर तुम्ही काय करायचात?

तुमची,
टिटवी


२७ जानेवारी

टिटवे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा मी, एकदा मामीला मोठ्याने. 'तीन सासवा'वर मामी म्हणाली, 'हिला एक तरी मिळू दे, मग कळेल.' सगळ्यांची विचारपूस आहे असं समज, आज थेट कामाचं बोलतो.

तू विचारलंस आणि मला अंगावर मूठभर मांस चढलं. निवृत्त झाल्यापासून मला कामाचं कुणी काही विचारलेलं नाही. पाण्याचा नळ बिघडला तरी लोक नळवाल्याला बोलावतात.

तर ऐक. एक पंपघर नदीवर, एक टेकडीवर आणि मधलं मोठं माझं. माझ्याकडे ही एवढी जाड नोंदवही. दर अर्ध्या तासाला तिन्ही टाक्यांची पातळी लिहायची. नदीवाला घड्याळ लावून फोन करायचा. टेकडीवाला म्हणजे तुझा तिसरा ढग. तो म्हणायचा, 'काही झालं नाही तर फोन कशाला? झालं तर करीनच की!' वर टेलिफोनची तार जुनी, वारा सुटला की ती मुकी. रकाना रिकामा राहिला की वरचे साहेब तपासणीला येऊन आरडाओरडा करायचे आणि सगळी माणसं इकडेतिकडे धावायची. धावून बघावं तर टाकी भरलेली, टेकडीवाला विडी ओढत बसलेला.

मग मी एक केलं. आकडा आला नाही की मागचाच आकडा पुढे ओढायचो. टाकीतलं पाणी काही अर्ध्या तासात पळून जात नाही. नऊ फूट होतं, तर नऊ फूटच धरायचं, पुढचा फोन आला की खरं काय ते लिहायचं. धावपळ थांबली, माणसं शांत झाली. साहेबही खूश. तुझ्या भिंतीला सांग, आकडा आला नाही म्हणून लगेच किंचाळू नकोस, मागचा धर आणि जरा दम खा.

जमलं तर कळव. अख्ख्या पत्रात एक तरी उपयोगाची गोष्ट लिहिली, असं मला वाटू दे.

तुझा,
मामा

टिटवे, आज स्वारी खुर्चीत ताठ बसली आहे, तुझ्यामुळे. कानावर पेन्सिल अडकवून अडकवून यांचा कान गेला, पंपामुळे नाही. डोळ्यांवर पाण्याची पट्टी ठेवत जा. गार पाणी पिऊ नकोस, घसा धरेल.
— मामी


१६ फेब्रुवारी

मामा,

जमलं!

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. कुठल्याही ढगाकडून आकडा आला नाही की भिंत मागचा आकडा धरून ठेवते. दोनशे घंटांच्या अकरा झाल्या. अकराच्या अकरा खऱ्या. स्वेटर पुन्हा अंगावर आला. चष्मेवाले साहेब भिंतीपुढे उभे राहून म्हणाले, 'आज पहिल्यांदा माझ्या छातीत धडधडत नाहीये.' नियमाला नाव द्यावं लागतं, मी दिलं, 'मामा'. खरंच. आमच्या यंत्रणेत तुम्ही आता तिन्ही ढगांवर बसला आहात.

साहेबांनी विचारलं, ही कल्पना कुठल्या पुस्तकातली? मी म्हटलं, नोंदवहीतली.

नर्सबाईंची बदली झाली, मागच्या आठवड्यात गेल्या. खोली एकदम मोठी झाली आहे. मांजर आत झोपते आता. मामीला म्हणावं, केस कोरडे करून झोपते, कोमट पाणी पिते, आणखी काही हुकूम असल्यास कळवावे.

तुमची,
टिटवी


२४ मार्च

टिटवे,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे घराची जरा साफसफाई काढली होती. तू बरी ना? डोळे, पाठ, साहेब, मांजर सगळे बरे ना? एकटी झालीस, तर जेवणाची हयगय करू नकोस.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. मी ढगावर बसलो म्हणून तिला भारी मजा वाटली. आमचं सगळं आहे तसंच चाललं आहे. गुडघे, कान, जिना. काळजीचं काही नाही. शिंपी तुझी आठवण काढतो.

आज फार लिहीत नाही. हात दुखतो.

तुझा,
मामा

टिटवे, डोळ्यांवर पाण्याची पट्टी ठेवत जा. गार पाणी पिऊ नकोस, घसा धरेल.
— मामी


२ एप्रिल

मामा,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली.

१२ मार्चला दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला ढग बसला. ज्याच्यावर लोकांचे फोन येतात तो. त्यांच्याकडचं काहीतरी बिघडलं, आणि फोन घेणंही थांबलं आणि आम्हाला आकडे पाठवणंही. दोन्ही एकदम. भिंतीला आकडे मिळेनात. मग भिंतीने मागचा आकडा धरला. शेवटचा आकडा होता, 'रांगेत दोन जण, थांबावं लागतंय चार सेकंद'. हिरवा. त्रेपन्न मिनिटं भिंतीवर तेच होतं. रांगेत दोन जण, चार सेकंद. हिरवं.

मी समोर बसले होते, मामा. चहा प्यायले. शेजारची म्हणाली, 'आज दुपार किती शांत आहे नाही?' मी म्हटलं, 'दृष्ट लावू नकोस.' हे मी बोललेलं मला आता सारखं ऐकू येतं. जिवंत आकडा हलतो. दोनाचे तीन होतात, तिनाचा एक होतो. त्रेपन्न मिनिटं दोन माणसं रांगेत उभी राहतात आणि दोघांनाही बरोबर चार सेकंदच लागतात, असं कुठे असतं का? ते मला दिसत होतं, पण हिरवं होतं, म्हणून मी बघितलं नाही.

लोक फोन करत होते. त्यांना आधी रेकॉर्डवरचा आवाज ऐकू यायचा, 'थांबा, आम्ही तुमच्याशी बोलतो,' आणि मग काही नाही. शेवटी एका बाईने थेट पोलिसांकडे जाऊन आरडाओरडा केला, तेव्हा आम्हाला कळलं.

चौकशी बसली आहे. टेलिफोन कंपनीने त्या त्रेपन्न मिनिटांत फोन केलेल्या नंबरांची यादी दिली. तेवीस नंबर. प्रत्येकाचं पुढे काय झालं ते शोधून लिहायचं काम मी मागून घेतलं. वाटलं, निदान ते तरी मीच करावं. दोघं गेले, मामा. एक म्हातारा शिक्षक आणि एक बाळंतीण. तिचं मूल वाचलं.

काल यादीच्या दुसऱ्या पानावर आले. सतरावा नंबर. तो मला शोधावा लागला नाही. आईने मला आकडे शिकवले तेच त्या नंबरावर. हरवलीस तर हा सांग, मामा येईल, असं म्हणायची. चार वाजून बारा. चार वाजून चौदा. एकोणीस. एकतीस. चार वेळा.

तुमच्या पत्रात साफसफाई आहे. मामीच्या दोन ओळी आहेत. मी जानेवारीचं पत्र काढून शेजारी ठेवलं. त्याच ओळी, मामा. पाण्याची पट्टी, गार पाणी, घसा. शब्दाला शब्द. आणि 'घ'चं वळण तुमच्या हातचं आहे.

१२ मार्चला तुम्ही फोन का केला होता?

टिटवी


९ एप्रिल

टिटवे,

तू पकडलंस. आता खरं लिहितो. बसून वाच.

त्या दिवशी दुपारी मामी खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. ताट खाली पडलं. मला आवाज आला नाही, दाणे पायाशी आले तेव्हा वळून बघितलं. तिचं तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि ती माझ्याकडे असं बघत होती की जणू मी कुणी परका आहे. मी फोन केला.

मला काही ऐकू आलं नाही. टिटवे, मला वाटलं, माझे कान! समोर कुणीतरी बोलत असणार, पत्ता विचारत असणार आणि मला बहिऱ्याला कळत नाही. म्हणून मी आपला ओरडून पत्ता सांगत राहिलो. 'जुनं पाणीघर, मागची चाळ, दुसरा मजला!' ठेवला, परत लावला, परत ओरडलो. वाटलं, त्यांनी ऐकलं असेल, गाडी निघाली असेल. मी खाली जाऊन रस्त्यात उभा राहिलो, वर आलो, परत फोन. चौथ्या खेपेला शिंपी माझं ओरडणं ऐकून वर आला. त्याने फोन कानाला लावला आणि माझ्याकडे बघून नकाराची मान हलवली. मला वाटलं, या बहिऱ्याला कंटाळून त्यांनीच ठेवला. मग त्याच्या भावाच्या ताग्यांच्या गाडीत, कापडावर निजवून नेली.

डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवं होतं. मी म्हटलं, 'हो, माझे कान खराब आहेत.' तीन आठवडे मी तेच समजून चाललो. तुझं पत्र येईपर्यंत.

मामीचं उजवं अंग गेलं आहे. बोलता येत नाही. एकच आवाज निघतो, 'ब'सारखा. रागावली तरी तोच, हसली तरी तोच. ओळखते, असं मला वाटतं. तुझं पत्र वाचतो तेव्हा डोळे कागदावर असतात. हे पत्र वाचून दाखवलेलं नाही.

तुला सांगितलं नाही, कारण तुझी आई गेल्यापासून तुला मामीच उरली आहे. वाटलं, आठवड्याभरात बोलायला लागेल, मग तिच्याच हातून कळवीन. तोवर तिच्या ओळींची जागा रिकामी दिसली तर तू घाबरशील. म्हणून तिच्या मागच्याच ओळी आठवून पुढे ओढल्या. बघितलंस का मी काय केलं ते? हाताला सवयच तीच.

आता त्याहून वाईट सांगतो.

मी तुला जानेवारीत नियम अर्धाच लिहिला. मागचा आकडा पुढे ओढायचो, ते खरं. पण तो मी पेन्सिलीने लिहायचो. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला किंवा फोनवर ऐकलेला आकडा शाईने, आणि धरून चाललेला पेन्सिलीने. पान उघडलं की लांबूनही कळायचं, हा खरा आणि हा नुसता समजलेला. आणि एकाखाली एक दोन पेन्सिली झाल्या की माणूस सायकलवर टेकडीवर जायचा. मग ऊन असो, वादळ असो. टाकी भरलेली निघाली तरी त्याला कुणी हसायचं नाही. चौतीस वर्षांत त्यात कधी चूक झाली नाही. एकदा टेकडीवाला फोनपाशी पडलेला सापडला. सायकल गेली म्हणून वाचला.

हे मी लिहिलं नाही. का, तर मला सांगण्यासारखं वाटलंच नाही. श्वास घ्यायचा असतो हे कुणी पत्रात लिहितं का? मला वाटलं, पेन्सिल तर कुणीही वापरेल. आणि खरं सांगू? मला विचारलंस याचाच आनंद इतका झाला की मी हुशारी तेवढी लिहिली आणि जबाबदारी विसरलो. मामीने तर पेन्सिलीचं नावसुद्धा लिहिलं होतं खाली. तेव्हाही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

तुझ्या भिंतीवर सगळंच शाईत लिहिलं गेलं, टिटवे, ते माझ्यामुळे. चौकशीवाल्यांना माझा पत्ता दे. मी येईन, माझ्या तोंडाने सांगीन.

मामा


१४ एप्रिल

मामा,

पत्ता दिला नाही. देणार नाही.

त्यांनी विचारलं, 'मामा' हे नाव कशाचं? मी म्हटलं, ऑफिसातला विनोद. नियम मी लिहिला, मी लावला, त्याच्या खाली माझं नाव आहे. तुम्हाला पाण्याबद्दल विचारलं होतं. पाणी अर्ध्या तासात पळून जात नाही, माणूस जातो, हे मला कळायला हवं होतं. मी शिकलेली आहे ना.

मला भिंतीपासून हलवलं आहे. घरी बसा म्हणाले, चौकशी संपेपर्यंत. चष्मेवाल्या साहेबांना दवाखान्यात ठेवलंय. मी बघायला गेले तर त्यांनी तोंड फिरवलं.

मामीला भेटायला यायला हवं, मला माहीत आहे. दोनदा बॅग भरली. मामी माझ्याकडे बघेल आणि 'ब' म्हणेल. ते रागावणं की हसणं हे मला कळणार नाही, आणि मला ते विचारायचीही सोय नाही.

पेन्सिलीचं वाचलं. इतकी सोपी गोष्ट होती, मामा. आकड्याचा रंग फिका करायचा, बस. दहा मिनिटांचं काम.

काही दिवस मला लिहू नका.

टिटवी


२२ एप्रिल

टिटवे,

लिहू नको म्हणालीस, तरी लिहितो. शिव्या दे, पण उत्तर दे. तू जेवतेस का? दार उघडतेस का? मांजर कुठे आहे? मामी काल खुर्चीत दहा मिनिटं बसली. बाकी बरं काही नाही आणि मी आता तसं लिहिणारही नाही.

मामा


६ मे

टिटवे,

आज एकेकाची चौकशी करत नाही, तुझी एकटीचीच करतो. तू कशी आहेस? उठतेस का? डोळे कसे आहेत, आणि रडतेस की तेही नाही?

गेल्या पत्राचं उत्तर आलं नाही. शिंप्याकडून तुला फोन करवला, वाजून वाजून थांबला. ऑफिसात केला, ते म्हणाले, रजेवर आहेत, ठीक असतील. 'असतील.' मला त्यांचा राग आला आणि मग आठवलं, हेच तर मी तुला शिकवलं.

मी जुन्या नोंदवहीतलं एक कोरं पान काढलं आहे. त्यावर तुझं नाव लिहिलं. १४ एप्रिलचं तुझं पत्र आलं, त्या तारखेपुढे 'आहे' असं शाईने लिहिलं. २२ तारखेपुढे पेन्सिलीने. आजच्या तारखेपुढे पेन्सिलीने. दोन पेन्सिली झाल्या, टिटवे. नियमाप्रमाणे आता सायकल निघायला पाहिजे आणि माझ्याच्याने मामीला सोडून जिन्याखालीही उतरवत नाही. तिला कूस बदलायला दर दोन तासांनी माणूस लागतं.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. शिंपी घेऊन येतो आहे. त्याने दुकान दोन दिवस बंद ठेवलंय, मी नको म्हणत होतो. तो तुझ्या दाराशी येईल आणि वाजवत राहील. त्याला मी सांगितलंय, उघडेपर्यंत हलायचं नाही आणि शेजाऱ्यांना लाजायचं नाही. बोलू नकोस हवं तर. आतून काहीतरी आपट, म्हणजे तो मला येऊन सांगेल आणि मी शाईने लिहीन.

तुला समजावायला माझ्याकडे काही नाही. शिक्षक गेला, ती पोर गेली, मामीचं अर्धं अंग गेलं. ते मी पुसू शकत नाही आणि तूही नाहीस. तुझं काही चुकलं नाही असं मी म्हणणार नाही, तू ते खोटं लगेच ओळखशील. चुकलं, दोघांचं. निम्मं माझं आहे, आणि ते तू एकटीने उचलून चालली आहेस. माझं मला परत दे. म्हाताऱ्या माणसाजवळ स्वतःचं म्हणून फार थोडं उरतं.

तुझी सगळी पत्रं मी काल मामीला वाचून दाखवली. सगळी, आणि माझ्या त्या एप्रिलच्या पत्रात काय होतं तेही सांगितलं. लपवून काय मिळवलं आतापर्यंत? पूर्ण ऐकलं. शेवटी 'ब' म्हणाली. राग की काय ते मलाही नाही कळलं, तुझ्यासारखंच. मग डावा हात कागदाकडे सरकवत राहिली. मी तिच्या मुठीत पेन दिला, पेन्सिल नाही, आणि कागद धरून बसलो. खाली जी वाकडी रेघ दिसते आहे ती तिची. अक्षर आहे की नाही, सांगता येत नाही. मध्येच थांबली, पेन गळून पडला, मी परत दिला, तिने परत ओढली. त्यात काय म्हटलंय ते मला वाचता येत नाही, आणि मी माझ्या मनाने काही भरणार नाही.

पण ती आजची आहे, टिटवे. माझ्या डोळ्यांसमोर ओढलेली.

शिंपी दारात उभा असेल. त्याच्याजवळ कागद आणि पेन दिलं आहे. तूही एक रेघ ओढ, वाकडी असू दे, पण आजची असू दे. लवकर पाठव.

मामा